पौर्णिमेचा थर्मास

बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, तेव्हा मी नवस बोललो होतो की अकरा पौर्णिमा नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाईन. मनापासून बोललो होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सांगायची लाज वाटते.

पहिल्या पौर्णिमेला माझा एक मित्र गाडी घेऊन आला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. दर्शन दहा मिनिटांत आटोपलं. "एवढं लांब आलोय, तर कुरुंदवाडात जेवूनच जाऊ की," तो म्हणाला. एका घरगुती खानावळीत आम्ही मटण जेवलो.

पुढच्या खेपेपासून मात्र रीतसर बेत ठरू लागले. आठवडाभर आधी फोन, खानावळीला निरोप, मागच्या आंब्याखालची जागा. मित्राला वाइनचा नवा नाद लागला होता. जन्म कारखान्यातल्या मळीच्या वासात गेल्यामुळे दारूकडे तो बघायचा नाही, पण द्राक्षाचं चालतं म्हणायचा. बाटली दिसू नये म्हणून ती थर्मासात ओतायची, हे डोकं त्याचं. थर्मास आमच्या घरचा, चहासाठी म्हणून नेलेला.

"पौर्णिमेला मटण?" मी एकदा कुरकुरलो.

"आधी दर्शन, मग मटण. उलटं केलंस तर पाप."

घरी जाताना बासुंदी घ्यायची. "भूक नाही, वाडीत प्रसाद झाला," असं मी खाली बघून सांगायचो. बायको कधी आग्रह करायची नाही. ते फार टोचायचं.

सातव्या पौर्णिमेला निघताना तिनं थर्मास हातात दिला. "या खेपेला मीच चहा भरलाय. माझ्यापायी किती हिंडताय वो तुम्ही."

मी गाडी नाकारली. एकटाच एस.टी.नं गेलो, दर्शन घेतलं, त्या चहाशिवाय पोटात काही घातलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा भूक सणकून लागली होती, पण मन कित्येक महिन्यांनी हलकं होतं.

"ताट वाढ गं."

तिनं पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. एका माणसाचा भात. शेजारी एकच भाकरी.

"आज मटण संपलं व्हय?"

"तुला कधीपासून…"

"दुसऱ्या पौर्णिमेपासनं. चहानं थर्मास जांभळा हुतोय व्हय कुठं? आन् प्रसादानं शर्टाला मटणाचा वास येतोय व्हय? तवापासनं तुमचा तांदूळच धुवत न्हाय मी."

"आज खरंच फक्त दर्शन घेतलं."

"आजच?"

पिठल्यासाठी तिनं मलाच कांदा चिरायला बसवलं. सगळं कबूल करताना डोळ्यांतून धारा लागल्या.

"कांदा हाय का पश्चात्ताप?"

"दोन्ही."

तिनं भाकरी मोडली. दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पांढरा रस्सा करत्यात का वो तिथं?"

"करतात. फर्मास."

"मग चार पौर्णिमा ऱ्हायल्यात अजून. गाडीत पुढं मी बसनार. तुम्ही थर्मास धरून मागं बसा."