राज्यासाठी सांगितलेली अडचण

नवऱ्याच्या ज्या गेमला मी लग्न झाल्यापासून नावं ठेवली, त्याच गेमसाठी सासूशी खोटं बोलले. तेही देवाच्या नावावर. हे लिहिताना आत्ताही कान गरम होतायत.

गेम कॉम्प्युटरवरचा. एक वस्ती वसवायची, शेती करायची, शेजारच्या राज्यांशी तह करायचे, वेळ आली की लढायचं आणि हळूहळू राज्य वाढवायचं. नवरा हॉस्टेलवर असल्यापासून खेळतो. तालुक्याला, भूमला, त्याचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी आमच्या गावी, ईटला, घरी आला की चहा पिऊन लॅपटॉप उघडायचा. मी म्हणायचे, "घरातला नळ गळतोय तो दुरुस्त होत नाही, आणि इथं साम्राज्य चालवतोस." तो नुसता हसायचा. त्यानं मला आणखी राग यायचा.

मी शिकवते ती शाळा एप्रिलमध्ये सकाळची होते. दुपारी घर तापलेलं, आत्या आतल्या खोलीत पडलेल्या, नणंद कॉलेजच्या पुस्तकात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. अशाच एका दुपारी नवऱ्याची खोड काढायची म्हणून मी लॅपटॉप उघडला. त्याची राजधानी घालवायची आणि संध्याकाळी त्याचं तोंड बघायचं, एवढाच बेत होता. पण ते राहिलं बाजूला. कसं खेळतात ते बघावं म्हणून मी नवा डाव मांडला आणि नकाशावर एक नदी दिसली. बारमाही. आमच्याकडं नदी म्हणजे पावसाळ्यापुरती, उन्हाळ्यात तिच्या पात्रातून ट्रॅक्टर जातात. मी त्या नदीच्या काठावर गाव वसवलं, पाट काढले, धरण बांधलं. कोठारं भरत गेली तसा जो आनंद झाला तो सांगायचीही लाज वाटते.

मग रोजचंच झालं. एवढी एक चाल झाली की उठते, असं म्हणत बसून राहायचे. भाजी करपली. उत्तरपत्रिका तशाच पडून राहिल्या. वर्गात भागाकार शिकवताना डोक्यात एकच, नदीपलीकडच्या राणीनं तह मोडला तर काय करायचं. नवरा खूश होता. "आता कसं वाटतंय?" म्हणायचा आणि आम्ही दोघं एका लॅपटॉपसाठी भांडायचो.

आता थोडं मागचं सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हा या घरात पाळीचे दिवस बाजूला बसायची पद्धत होती. मी पहिल्याच महिन्यात नाही म्हणाले. त्या दिवसांत मी शाळेत मुलांना शिकवते, मग घरच्या माठाला हात लावला तर काय बिघडतं? नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला. आत्या रागावल्या, बोलेनाशा झाल्या. पण पुढं एकदा नणंद बाजूला बसली होती तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "ऊठ, पाणी भर. वहिनी म्हणती तसं." नणंदेनं मला स्वयंपाकघरात येऊन मिठी मारली. मी तो विजय फार मिरवला. शाळेतल्या बायकांनाही ऐकवला.

चैती पौर्णिमेच्या यात्रेला येरमाळ्याला जायची आमच्या घरची रीत आहे. येडेश्वरीची पालखी आमराईत येते, तिथं चुनखडीचे खडे वेचायचे आणि सोबत नेलेल्या पोळ्या खायच्या. जीप सांगितली होती. आणि आदल्या दुपारीच त्या राणीनं खरोखर तह मोडला. तिचं सैन्य माझ्या धरणापाशी येऊन थांबलं होतं. सकाळी पोळ्या बांधताना मला तेच दिसत होतं. मी आत्यांना म्हणाले, "आत्या, तुम्ही जा. मला अडचण आली."

नवऱ्यानं काही विचारलं नाही, नणंद साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. आत्या मात्र थांबल्या.

"मग काय झालं? तूच तर सांगितलंस आमाला. चल की. देवी बी बाईच हाय."

तिथं तरी मी गप्प बसून जीपमध्ये चढायला हवं होतं. मी म्हणाले, "नको आत्या. देवाचं काम आहे. मन घेत नाही."

"मन घेत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या आणि गेल्या. मी दाराला कडी लावली, कूलर सुरू केला आणि संध्याकाळपर्यंत धरण वाचवत बसले. वाचलंही. आणि या गेमची गंमत अशी, की आपण चाल खेळेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. मी महिन्यानं उघडला असता तरी ती राणी तिथंच उभी सापडली असती.

परत आल्यावर नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. "राज्य लई पुढं गेलंय की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अडचणीत बरं जमलं." मी हसले, तोही हसला.

पुढं काही दिवसांनी शाळेतून आले तर नणंद ओसरीवर एका पोत्यावर बसलेली. शेजारी वेगळं ताट, वेगळा पेला. मी विचारलं, हे काय? तिनं वर बघितलं नाही. "आई म्हणली, बाजूला बस. वहिनी, तुमचं बी आता मन घेत न्हाय म्हणं." तिचा वेळ जावा म्हणून नवऱ्यानं जाताना लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला होता. पडद्यावर माझी नदी होती.

मी चप्पल काढून थेट आत गेले. आत्या भाकरी थापत होत्या. "आत्या, यात्रेच्या दिवशी मला काही आलं नव्हतं. मला गेम खेळायचा होता."

त्यांचा हात थांबला.

"माज्या आईनं लावलेलं वळण तुज्या शब्दावर सोडलं म्या," त्या म्हणाल्या. "मग तूच माघारी फिरलीस. मला वाटलं, आपलंच चुकलं. आमराईत पालखीपुढं नाक घासलं. पोरीला माफ कर म्हणलं. अन् तू खेळत होतीस."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि ओसरीकडं तोंड करून हाक दिली, "ऊठ ग. माठ भर."

नणंद लॅपटॉप खाली ठेवून आत आली. मी घाईनं माठ उचलायला पुढं झाले, तर आत्यांनी पिठाचा हात आडवा धरला.

"तू नको. तू जा, बस तिथं. तुजं राज्य उघडंच पडलंय."