आणेवारी सरांचं भाड्याचं घर

आमच्या परतूरच्या शाळेतले गणिताचे सर कुणालाही ‘बरे आहात ना?’ असं विचारत नसत. नवा मास्तर असो की कुणाकडे आलेला पाहुणा, पहिला प्रश्न ठरलेला: “तुमच्याकडं भाड्यापायी रुपयातले किती आणे जाऊन राह्यलेत?” पगाराच्या दर रुपयातला घरमालकाच्या घशात किती जातो, एवढंच त्यांना हवं असे. मुंबईचा पाहुणा सहा आणे म्हणे, पुण्याचा पाच, औरंगाबादचा चार. पीक किती आलं ते तलाठी आण्यांत सांगतो, तशी सर शहरांची आणेवारी काढत. दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, तो शब्द घरोघरी ठाऊक. पोरांनी त्यांचं नावच आणेवारी सर पाडलं.

हा नाद उगीच लागलेला नव्हता. सरांची बायको, आमच्या वहिनी, आणि मुलगी घनसावंगीकडं गावी, आणि सर शाळेतल्याच एका वर्गात वळकटी टाकून राहिलेले. मुलगी शाळेत घालायची झाली होती. जूनच्या आत घर हवं होतं. आम्ही दोघं एकाच पगाराचे मास्तर. मला मोंढ्याच्या बाजारामागं दोन खोल्या आल्या दिवशी मिळाल्या, रुपयात अडीच आण्यांत. सरांनाही मिळतील असं मला वाटलं. काय भोळा होतो हो मी!

आता आमचं परतूर म्हणजे फार सभ्य गाव. ‘बौद्धांना घर देत नाही’ असं म्हणणारा घरमालक दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. आम्ही ज्यांच्याकडं आधी गेलो त्या घरमालक नानांनी तर आम्हाला ओट्यावर बसवलं, आत चहा सांगितला आणि शिक्षणाचं महत्त्व या विषयावर आमचीच शिकवणी घेतली. मग हळूच म्हणाले, “आडनाव काय म्हणालात?” सरांनी सांगितलं. नाना प्रसन्न हसले. “वा वा! आपण तसलं काही मानत न्हाई, बरं का. पण झालंय काय, हैदराबादहून पुतण्या येऊन राह्यला. त्याला शब्द देऊन बसलोय.” तो चहा काही बाहेर आला नाही.

त्या उन्हाळ्यात गावात इतके पुतणे यायचे होते, की रेल्वेला जादा डबा जोडावा लागला असता. ‘माझ्याच खोल्यांत या’ म्हटलं, तर माझ्या घरमालकालाही लगेच एक पुतण्या झाला. नानांच्या रिकाम्या खोल्यांचं कुलूप तसंच. सर जाता-येता अदबीनं विचारत, “नाना, पुतण्याची गाडी लई लेट दिसती. स्टेशनवर चौकशी करू का?” नाना पंचांगात डोकं खुपसत.

शेवटी एकानं पत्र्याची खोली दिली आणि निम्मा पगार मागितला. पोरीची शाळा बुडू नये म्हणून सरांनी दिला. “रुपयात आठ आणे!” मला म्हणाले. “देशातलं सगळ्यात महाग गाव परतूर. मुंबई बिचारी उगंच बदनाम हाय.” ते हसले. मला हसू आलं नाही, संताप आला.

उरलेल्या आठ आण्यांत आणि वहिनींच्या शिवणयंत्रावर त्यांनी संसार केला, काटकसर करून स्टेशनपलीकडं जागा घेतली, घर बांधलं. एक खोली भाड्यानं द्यायला काढली. हवेशीर, अंगणात नळ, आणि भाडं भाडेकरूच्या रुपयातले दोन आणे. बदलीवर आलेले कारकून खोली पाहून खूश होत, दारावरची पाटी वाचत, आणि त्यांची बदली अचानक रद्द होई. गावातली सगळ्यात स्वस्त खोली वर्षभर रिकामी राहिली.

मग एका जूनमध्ये एक मजूर आपल्या मुलीला घेऊन आला. मी तिथंच बसलो होतो. “सातवी पास झाली, सर. आमच्या गावात पुढं शाळा न्हाई. इथल्या मुलींच्या शाळेत घातली, पण कुणी जागा देईना. भाडं किती पडंल?”

“पोरीची कमाई किती?”

“तिची कशाची कमाई? शिकणारी पोर ती.”

“मंग भाडंबी तेवढंच. हिशेब बराबर.”

तो टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. “पण सर, आधी आमचं आडनाव तरी...”

“ते सांगू नका!” सर ओरडले. वर्गातसुद्धा कधी आवाज न चढवणारा माणूस! वहिनी आतून धावत आल्या. सरांनी मुलीच्या हातातली वळकटी घेतली आणि खोलीत नेऊन ठेवली.

सर होते तोवर ती खोली मुलींनी भरलेली असे. त्यांतली कोण कुणाची, ते मला आजही ठाऊक नाही.