बाजूला बसलेल्या

"अडचण कुणाला आहे?"

मॅडमनी हे सगळ्या लॅबसमोर विचारलं. काचेच्या बशांमध्ये बुरशी धरली होती. त्या बशांत आम्ही गर्भाशयाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होतो. त्यांचे लाड असे, की तसे जावयाचेही कुणी करत नाही. ऊब मोजून, खाणं गाळून, आणि जवळ शिंकलात तर थेट खुनाचा गुन्हा.

मी म्हणाले, "मला आहे."

"आणि तरी आत हात घातलास? तुमच्यात पाळत नाहीत वाटतं?"

तुमच्यात. हा शब्द माझ्या गावी, खर्ड्याच्या शाळेत पाण्याच्या माठापाशी ऐकला होता. आता नगरला एसीत ऐकला. कुणीतरी फिसकन हसलं. बायकांच्या पिशवीवर संशोधन करणाऱ्या खोलीत! मॅडम म्हणाल्या, "चार दिवस बाहेर बस."

आणि मी बसले. एमएस्सीला पहिली आलेली मी, पॅसेजमधल्या स्टुलावर, लोणच्याच्या बरणीपासून हाकललेल्या सुनेसारखी.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. आमची आई म्हणजे तोफ. तिनं म्हशीला हाक मारली की किल्ल्यावरची कबुतरं उठतात ती थेट जामखेडला जाऊन बसतात. त्या दिवशी आवाज बारीक.

"आई, मला बाजूला बसवलंय."

"मंग सोबत झाली, बाय. मी बी बाजूलाच हाय."

"तू? तुझं तर कधीच गेलं ना?"

"परत आलंय. म्हातारपणी तरणी झाले बघ!" ती हसली. "गोठ्यात खाट टाकलीय. म्हस लई गुनाची, तुझ्या बापावानी घोरत न्हाई."

"कधीपासून?"

"दिवाळी झाली आन् सुरू झालं. थांबतच न्हाई. कुनाला सांगू नगंस, लाज वाटती."

खिडकीबाहेर होळीची लाकडं रचत होते.

पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर रक्त येणं म्हणजे काय, हे मी झोपेतही सांगेन. आतल्या बशीत वाढत होतं ते अशाच एका बाईचं.   मी दार ढकलून आत गेले.

"मॅडम, बुरशी विटाळानं येत नाही. बाई मात्र विटाळानं मरते. माझी आई गोठ्यात मरायला बसलीय. मी यापुढं बाहेर बसणार नाही."

आणि पहिल्या एसटीनं खर्ड्याला गेले.

आईला नगरला आणलं. तपासणीत निघालंच. डॉक्टर म्हणाले, "पसरलंय. लवकर यायचं होतं."

आई म्हणाली, "बाजूला बसलेलं मानूस लवकर कसं येनार, सायेब?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन. आवाजावर साय. "अगं, आईच्या गाठीचा तुकडा आपल्या लॅबला मिळेल ना? तू काय, घरचीच."

आता घरची.

मी म्हणाले, "मला नका विचारू. तिला विचारा. दवाखान्यात या. तिचं रक्त अजून जातंय. तिच्या खाटेवर, तिला खेटून बसा. तुकड्याचं काय करणार ते तिला कळेल असं सांगा, मग विचारा. ती नाही म्हणाली, तर तिचा कणही तुमच्या बशीत पडणार नाही."

 त्यांनी फोन ठेवला.

मी खाटेपाशी उभी आहे. मॅडम स्वतः आल्या, तर सरकून जागा देईन. सही घ्यायला दुसऱ्या कुणाला धाडलं, तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवीन.