उडी उशिरा लागते

ड्रायव्हरसाहेबांच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. दाढी करताना कापलं तर ब्लेड भिकार, दूध उतू गेलं तर पातेलं लहान, आणि लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले आले तर फोटोग्राफर गाढव. बायकोला हे सगळं पाठ होतं. ती पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या सबबी ऐकायच्या आणि घरी येऊन ह्यांच्या! 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ह्याच माणसाकडे बघून कुणीतरी केली असणार, असं ती चारचौघांत सांगायची, आणि तेही त्यांच्या देखत.

मागच्या महिन्यात साहेबांची बस सिग्नलला पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळली. नशीब, कुणाला लागलं नाही. साहेबांनी खापर फोडलं ब्रेकवर. मेकॅनिकने ब्रेक तपासले, ते निघाले ठणठणीत. मग डेपोने फर्मान काढलं, की अमुक सोमवारी दुपारी डॉक्टरकडे तपासणी. समोर दिवा लागला की बटण दाबायचं. हात चपळ निघाला तर बस चालवायची, नाहीतर निवृत्तीपर्यंत मागच्या खोलीत बसून तिकिटांचे गठ्ठे बांधायचे. डेपोत ड्रायव्हर कमी, म्हणून तोवर गाडी मात्र ह्यांच्याच हातात.

आणि ह्यावर ह्या शहाण्याने काय करावं? सराव म्हणून लहानपणचा व्हिडिओ गेम उकरून काढला! ते जुनं मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं, म्हणून कॉम्प्युटरवर एम्युलेटर घातला. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम. गेम तरी काय, तर एक बेडूक पळतो, त्याच्या पायाखाली पूल ढासळत जातो, आणि शेवटच्या फळीवरून बरोबर वेळी उडी मारायची. लहानपणी म्हणे साहेब हा पूल डोळे मिटून ओलांडायचे. आता बेडूक दर वेळी पाण्यात.

"ह्या एम्युलेटरमध्ये बटण उशिरा लागतं," साहेबांनी निकाल दिला.

मग सुरू झाली निवड. घर घेतानासुद्धा एवढी चिकित्सा केली नव्हती! एकाचा आवाज फाटका, दुसऱ्याचं चित्र धुरकट, तिसरा हलका पण मध्येच अडखळणारा, चौथा अगदी अस्सल पण घरच्या कॉम्प्युटरला झेपेना. साहेब इंटरनेटवर लोकांची भांडणं वाचायचे, सेटिंग बदलायचे, पुन्हा नवा एम्युलेटर उतरवायचे. बेडूक पाण्यात तो पाण्यातच. बायको भाजी निवडता निवडता बघायची आणि नाक मुरडायची. पन्नाशीचा घोडा, नोकरी टांगणीला लागलेली, आणि हा बेडकाच्या मागे! शी!

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा छप् झालं आणि साहेब ओरडले, "भिकार आहे हा! ह्यात कुणाच्या बापालाही उडी लागणार नाही!"

"सरका," ती हात पुसत म्हणाली.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत नाही. सरका म्हणते ना!"

तिने जन्मात गेम खेळला नव्हता, पण तोच तो पूल बघून बघून तिच्या डोक्यात बसला होता. पहिल्यांदा बेडूक बुडाला. दुसऱ्यांदाही बुडाला आणि साहेब खवचट हसले. तिसऱ्यांदा तिने बटण दाबलं आणि बेडूक टुणकन पलीकडे!

"घ्या! बटण उशिरा लागतं म्हणे! माझं कसं लागलं? की मला बघून लाजला तुमचा एम्युलेटर?" इतक्या वर्षांचं उट्टं निघाल्यासारखं वाटलं तिला. कधी एकदा हे शेजारणीला सांगते असं झालं.

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी दुसरा एम्युलेटर लावला. तिथेही तिची उडी लागली. मग ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"पुन्हा मार. शेवटची फळी आली की तू बटण दाब, मी टेबलावर बोट आपटतो."

पूल ढासळला. तिच्या बटणाचा आवाज आला, टक्. मग त्यांच्या बोटाचा. पुन्हा केलं. आधी तिचा, मग त्यांचा. मधली फट एवढीशीच होती, पण दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी दात आवळून बोट आपटलं, तरी ते मागेच.

ओठावर आलेला टोमणा तिने गिळला.

"अहो, दमला असाल तुम्ही," ती घाईघाईने म्हणाली. "आणि ही खुर्ची किती बुटकी आहे! हात अवघडतो हिच्यावर. चष्म्याचा नंबरही वाढला असेल, मी कधीची म्हणतेय. उद्या डॉक्टरला सांगा ना तसं."

"खुर्ची बरी आहे," ते म्हणाले.

त्यांनी फोन उचलून डेपोला लावला. "उद्या सकाळची माझी फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्या," ते म्हणाले. पलीकडच्याने काहीतरी विचारलं. "नाही, नाही," साहेब म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. गाडी चांगली आहे."