प्रभूच्या नावानं दोनदा

सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभू शुद्ध मराठी बोलायचा. आम्ही सगळे गिरणीतले, मागावरचे, विड्या वळणारे. हाय-न्हाय करणारे. काहींच्या घरी तेलुगू. पण उपासनेत कुणाला संदेश आला की तोंडातून निघायचं ते पुस्तकातलं : "माझ्या लेकरा, माझा हात तुझ्या मस्तकावर आहे." त्या पत्र्याच्या हॉलमध्ये कुणी उठून "लई घाबरू नगंस" म्हटलं असतं, तर कुणालाच ते प्रभूचं वाटलं नसतं.

पाळकांनी एक पद्धत घालून दिली होती. संदेश आला की सगळ्यांनी गप्प बसायचं. मग मंडळीतल्या दोघांनी उभं राहून "साक्ष पटते" म्हणायचं. कुणी उठलं नाही तर बोलणाऱ्यानं मान खाली घालून बसायचं आणि ते बोलणं तिथंच विसरायचं. दोघं उठले, पाळकांनी आमेन म्हटलं, की ते प्रभूचं झालं. ज्याच्यासाठी आलं त्यानं ते पाळायचं. पुन्हा चर्चा नाही.

दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. मी तेव्हा विशीतली, बिनलग्नाची. एका मागाच्या कारखान्यात चादरींच्या दशांना गाठी मारायचे. संदेश सांगायचं दान मला कसं मिळालं ते आजही सांगता येत नाही. एका रविवारी पोटातून काहीतरी ऊन ऊन वर चढलं, गळ्याशी आलं, आणि मी उभी राहून म्हणाले की इथं दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, प्रभूला त्याचं दुःख आहे. मागच्या रांगेतले दोन म्हातारे रडत उठले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. शपथेवर सांगते, मला त्यांचं काही माहीत नव्हतं. मी घरी जाऊन गोधडीत थरथरत पडले. आई म्हणाली, "ताप हाय का काय?" ताप नव्हता.

मग लोक विचारू लागले. नळावर, कारखान्याच्या दारात. "आमच्यासाठी काय आलंय का गं?" पोस्टमनला विचारावं तसं. कधी यायचं, कधी नाही. न आलेल्या रविवारी लोकांची नजर माझ्यावर खिळलेली असायची. त्या नजरेला मी भ्यायला लागले. हळूहळू असं झालं की पोटातून ते ऊन वर चढलं नाही तरी मी उभी राहायचे. आठवडाभर कानावर आलेलं काहीतरी त्या पुस्तकी भाषेत सांगायचे. आणि दोघं उठायचे. माझं कुठलं आणि प्रभूचं कुठलं, हे मलाही नीट कळेना.

तेव्हा ती आली. मंडळीतल्या एका वडीलजनाची धाकटी बहीण. दुधनीला दिलेली, नवरा तिथल्या बाजारात हमाली करायचा. ती नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली होती. का, ते कुणाला सांगत नव्हती. पाटावर बसून विड्या वळायची, मान वर करायची नाही. भावाचं घर म्हणजे एक खोली, त्यात पाच पोरं. तिची वहिनी एक दिवस नळावर माझ्याजवळ सरकली.

"तुला हल्ली काय यायलंय का न्हाय?"

"येतं कधी कधी."

"माझ्या नणंदेसाठी काय येत न्हाय व्हय? नांदती बाई माहेरी बसून राहिली तर प्रभूला बरं वाटतंय का? तूच सांग की."

तिनं माझी घागर उचलून माझ्या डोक्यावर दिली. एवढंच. धमकी नाही, काही नाही. पण आमच्या गल्लीतल्या प्रार्थना तिच्याच घरी व्हायच्या, आणि मी बोलल्यावर पहिला उठणारा नेहमी तिचा नवरा असायचा.

त्या रविवारी माझ्या पोटात काही हललं नाही. बरेच रविवार हललं नव्हतं. लोक बघत होते. मी उठले, त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्या मुली, जे घर तू सोडलंस तिकडे परत जा. मी तुझ्यापुढे चालत आहे."

तिचा भाऊ उठला. "साक्ष पटते." दुसरी तिची वहिनी. पाळक आमेन म्हणाले.

बाहेर चपला शोधताना ती माझ्याजवळ आली. आवाज अगदी बारीक. "अक्का, प्रभूला आडाचं ठाऊक असंल न्हवं?"

"कसला आड?"

"घरामागं हाय. नवऱ्यानं मला कठड्यावर उभं केलं होतं. दोनदा. म्हणतो, तिसऱ्यांदा हात सोडीन." मग तिनंच स्वतःला समजावलं. "प्रभूला ठाऊक असणारच की. तो म्होरं चालायलाय म्हणल्यावर."

तेव्हाच सांगायचं होतं. पण पाळक दारात उभे होते, तिचा भाऊ सायकल काढत होता, आणि मी भ्याले. सोमवारी ती गाडीनं गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहायला जमत नाही. खोटं बोलणाऱ्या संदेष्ट्याला जिवंत ठेवू नये असं शास्त्रात लिहिलेलं आहे, ते मला पाठ होतं. पण खरी भीती ती नव्हती. गल्लीत कुणी दुधनीकडचं आलं की मी दाराआड जायचे. आता सांगतील, असं वाटायचं. आईनं हौदात बादली सोडली की त्या आवाजानं मी दचकायचे. दशांच्या गाठी सुटायला लागल्या. मुकादम म्हणाला, "बाई, लगीन ठरलंय का काय? ध्यान कुठं हाय?" बाया हसल्या. मीही हसले.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आईला मैत्रिणीकडे जाते सांगून सकाळच्या पॅसेंजरनं दुधनीला गेले. बाजारात विचारत विचारत घर काढलं. दारात म्हातारी सासू ज्वारी पाखडत होती. "यारु?" तिनं विचारलं, कोण म्हणून. मी म्हणाले, सोलापूरची, मंडळीतली. तिनं सूप न थांबवता मागच्या दाराकडे मान हलवली.

ती आडावर होती. जिवंत होती. डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं, आणि एका हातानं पोहरा ओढत होती. कठडा माझ्या मांडीएवढाही नव्हता.

"अक्का! तू हितं?" तिचं तोंड उजळलं. "प्रभूनं धाडलं?"

मी तिला कठड्यापासून बाजूला ओढलं आणि आमच्या रोजच्या बोलीत भडाभडा सांगितलं. "ते प्रभूचं नव्हतं गं. माझं होतं. तुझी वहिनी म्हणाली म्हणून मी बोलले. चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता."

तिनं हात सोडवून घेतला. तिच्या तोंडावरचा तो बदल मी विसरले नाही. ती मला भ्याली.

"असं बोलू नगंस. दोघांनी साक्ष दिली. पाळकसाहेब आमेन म्हणले. आन् तू आता एकटी येऊन न्हाय म्हणतीस?"

"मी खोटं बोलले, बाई. पाया पडते तुझ्या."

"सैतान बी असाच येतोय की. वळखीच्या माणसाच्या तोंडानं." ती मागे सरकली, पुन्हा त्या कठड्याकडे. "मी सोसायलेय ते त्याच्या शब्दापायी. तो शब्द काढून घिऊ नगंस. मग माझ्यापाशी काय राहतंय?"

आतून सासूनं काहीतरी कन्नडमध्ये ओरडून सांगितलं. ती कुजबुजली, "त्याची जेवायला यायची येळ झाली. तू जा."

खरं सांगून झालं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माझ्या स्वतःच्या आवाजाला तिच्यापाशी काही किंमतच नव्हती. दुसऱ्याच आवाजाला होती. तो आवाज कसा काढायचा हे मला येत होतं.

पोटातून काही चढलं नाही. गळ्याशी काही आलं नाही. मी पूर्ण भानावर होते. कावळा ओरडत होता तोही ऐकू येत होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माझ्या मुली, मी तुझा विश्वास पाहिला आहे. आता ऊठ, हे घर सोड, आणि मागे वळून पाहू नकोस."

पोहरा तिच्या हातून सुटला. ती खाली बसली, कपाळ मातीला लावलं, आणि उठली ती थेट मागच्या फाटकाच्या वाटेनं निघाली. अंगावरच्या लुगड्यानिशी. पायात चप्पल नव्हती. मीच तिच्यामागे धावत होते. स्टेशनवर गाडी येईपर्यंत आम्ही पाण्याच्या टाकीआड उभ्या होतो. दिसेल तो प्रत्येक हमाल मला तिचा नवरा वाटत होता. ती मात्र शांत होती. गुणगुणत होती.

तिला मी आमच्याच घरी आणलं. आईनं एक भाकरी जास्त थापली. तिच्याकडून तो दुसरा शब्द कळल्यावर पुढच्या रविवारी पाळकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"बाई, प्रभू एकदा जा म्हणतो आणि एकदा ये म्हणतो का?"

ती पहिल्या रांगेत बसली होती. मनगटाचं फडकं तसंच. दोन्ही शब्द माझेच म्हणाले असते, तर ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली असती. मी म्हणाले, "पहिलं माझं होतं. मी पाप केलं. दुसरं त्याचं."

आता दोघं उठायला हवे होते. वहिनी जमिनीकडे बघत होती. मग तिचा भाऊ उठला. बहिणीच्या मनगटाकडे बघत होता. "साक्ष पटते," म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. त्याच्यामागून पाळकांची बायको उठली. नवऱ्याकडे न बघता. पाळक आमेन म्हणाले.

त्या दोघांना खरंच साक्ष पटली होती की तेही माझ्यासारखेच बोलले, हे मी कधी विचारलं नाही. भावानंही कधी विषय काढला नाही.

ती सोलापुरातच राहिली, माझ्या शेजारी बसून दशांना गाठी मारायला शिकली. मी त्यानंतर उपासनेत उभी राहिले नाही. दान गेलं म्हणाले, लोकांनी मानलं. ती मात्र दर साक्षीच्या सभेत तो आड आणि तो शब्द सांगायची, आणि बाया रडायच्या. मी मागच्या रांगेत पदर आवळून बसायचे. आता ती नाही. तिला हे कळू द्यायचं नाही म्हणूनच इतकी वर्षं गप्प होते.

पहिल्या शब्दासाठी मी क्षमा मागितली आहे, आणि ती मिळाली असं कधी कधी वाटतं. दुसऱ्यासाठी गुडघे टेकते, आणि "चुकले" हा शब्द तोंडातून निघत नाही. काढायचा तर तिला त्या आडापाशी परत उभं करावं लागतं. ते मला जमत नाही. मग तशीच उठते, दिवा लावते, आणि ज्याच्या नावानं बोलले त्याच्यापुढे पुन्हा केव्हा तरी उभं राहायचंच आहे, हे आठवून भिते.