मखमलीतला रिकामा खण

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा दिवाळी तोंडावर होती आणि मी जळगावच्या आमच्या सराफी दुकानात मोडीचं सोनं तोलत होतो. त्यात एक जुनी गिन्नी होती. नानांना दाखवायची म्हणून नुकतीच बाजूला काढलेली... ती अजून तशीच बाजूला आहे.

धुळ्याचे नाना पेशानं दातांचे डॉक्टर आणि नादानं इंग्रजी अमदानीतल्या सोन्याच्या नाण्यांचे वेडे. दुकानात आले की चहाआधी विचारत, "आज काय वितळवायला काढलंय?" त्यांच्यापायी किती नाणी मुशीतून वाचली! जीव मात्र अडकला होता एकाच मोहरेत. कंपनी सरकारची ती मोहर, एका अंगाला तरुण राणी, दुसऱ्या अंगाला ताडाचं झाड आणि सिंह. तिच्यासाठी त्यांच्या मखमली पेटीतला एक खण कायम रिकामा असे. ती सापडली दाढ दाखवायला आलेल्या धरणगावच्या अक्कांच्या गळ्यात. नाना बघतच राहिले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ वर शे, तुम्ही खाले काय देखी ऱ्हायनात?"

माळेत ओवण्यासाठी मोहरेला डाग देऊन कडी जोडलेली होती. संग्राहकांच्या लेखी असं नाणं बाटलेलं, पण नानांना ते हवंच होतं. सासूची मोहर विकायला अक्कांनी साफ नकार दिला, "मनी सासूनी शे, इकानी नई. देखाले येत जा." मग दर दिवाळीला आम्ही दोघं धरणगावला जायचो. अक्का फराळ ठेवत, माळ काढून देत आणि नाना फराळ विसरून भिंग लावून बसत. त्यांच्या वाटची शेव मी खायचो.

एकदा अक्का अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचा मुलगा माळ घेऊन धुळ्याला आला; मीही तिथेच होतो. "नाना, आते लई ल्या." नानांनी मोहर खणात ठेवून पाहिली. नेमकी बसली, कडी तेवढी बाहेर राहिली. घ्या आता एकदाची, असं मला अगदी ओठांवर आलं होतं.

"अक्कांना माहीत आहे?" नानांनी विचारलं. मुलानं नकारार्थी मान हलवली.

"उठल्या की पहिला हात गळ्याकडे जाईल त्यांचा. जा, घाल नेऊन."

मी चडफडलो. नाना मात्र दिवसभर खुशीत होते. "बसते नेमकी, एवढं तर कळलं ना!"

यंदा धरणगावची फेरी झाली नाही, म्हणून भाऊबीजेला अक्काच काठी टेकत नानांच्या घरी आल्या. पेटी मागवून घेतली, गळ्यातली माळ काढली आणि मोहर त्या खणात ठेवून पेटी फोटोपुढे सरकवली.

"यंदा तुम्ही उनात नई, म्हनीसन मीच उनू. देखी ल्या."

आमचा चहा होईपर्यंत मोहर तिथेच होती. मग अक्कांनी माळ पुन्हा गळ्यात घातली... मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. निघताना त्या नानांच्या सूनबाईंना म्हणाल्या, "पुढला साल तुम्ही येज्यात."

मी नानांचं भिंग मागून घेतलं आहे. खण रिकामाच राहील.