परांजप्यांचा उघडा चाकू

परांजपे गेल्याचं मला रोहितने फोनवर सांगितलं, आणि एवढंसं सांगताना तो दोनदा थांबला. मंगळवारची सकाळ होती, मी मेथी निवडत बसले होते. "बाई, काका गेले... रात्री झोपेतच," तो म्हणाला. आदल्याच रविवारी आम्ही चौघं बागेत बसलो होतो. परांजप्यांनी पेरू कापला होता आणि बिया फार आहेत म्हणून शिंद्यांना टोमणाही मारला होता, जसं काही त्या बिया शिंद्यांनीच आत भरल्या होत्या. असा टोमणे मारणारा माणूस दोन दिवसांत जातो हे मनाला पटेचना. मेथी तशीच टाकून मी रिक्षाने विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. वाटेत मला त्यांची एकच गोष्ट सारखी आठवत होती, आणि ती कुणाशी बोलण्यासारखी नव्हती. आता महिना उलटून गेलाय. सांगायला हरकत नाही असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही चौघं म्हणजे मिटणाऱ्या चाकूंचा नाद असलेली माणसं. खिशात किंवा पर्समध्ये मावणारा, पातं मुठीत दुमडून बसणारा साधा चाकू. नातेवाईक विचारतात, "काय, रामपुरी घेऊन फिरता की काय?" त्यांना काय सांगणार? मी चित्रकलेची शिक्षिका होते. शार्पनरने पेन्सिलीला जे टोक निघतं ते मला कधीच आवडलं नाही, म्हणून चाकू बाळगायचे. निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी मार्केट यार्डाजवळच्या एका लहानशा बागेत जाऊन झाडं काढत बसायचे. चित्र काढणाऱ्या बाईमागे दोन मिनिटं उभं राहणं हा पुण्यातल्या लोकांचा हक्कच आहे, त्याची मला सवय होती. पण एक गृहस्थ पुष्कळ वेळ उभे राहिले आणि चित्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "पातं पोलादी दिसतंय," ते म्हणाले. "धार मात्र एकाच बाजूने लावता तुम्ही." मी म्हटलं, "पेन्सिलीची काही तक्रार नाही." ते शेजारी बसले, आपला चाकू काढून मिटलेलाच बाकावर आमच्या दोघांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "आपण बघा." अशी आमची ओळख झाली. त्यानंतर ते मला कायम 'बाई' म्हणत आले आणि मी त्यांना 'परांजपे'.

परांजप्यांची सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात गेली. आम्हा बाकीच्यांकडे दहा-बारा तरी चाकू असतील. त्यांच्याकडे एकच होता, शिंगाच्या मुठीचा, वडिलांच्या वेळचा. धार लावून लावून त्याचं पातं अरुंद झालं होतं आणि वर्षानुवर्षं फळं कापून त्यावर पावसाळी आभाळासारखा करडा रंग चढला होता. तो रंग घासून काढू नये हे आमच्यात लहान पोरालाही कळावं इतकं उघड आहे, पण बाहेरच्यांना तो गंज वाटतो. मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळं पुणं एकदा तरी तिच्यात बसून आलं, परांजपे नाही. दारावर तपासणी असते, चाकू चालत नाही. "मग मीही चालत नसणार," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला आणि शेवटपर्यंत बसनेच हिंडले.

पुढे शिंदे आले. मार्केट यार्डात त्यांचा फळांचा गाळा आहे. फळांची चव बघायला दिवसभर चाकू लागतो, त्यातून त्यांना हा नाद जडला. रविवारची फळं त्यांचीच. मग रोहित आला, अकोल्याचा, हडपसरला आयटीत काम करणारा, तिशीतला. इंटरनेटवर चाकू बघता बघता त्याला आमचा पत्ता कसा लागला ते त्यालाच ठाऊक. बागेतल्या सिमेंटच्या टेबलाभोवती आम्ही बसायचो, चाकू बघायचो, फळं कापायचो, एकमेकांच्या धारेला नावं ठेवायचो. दुसरं काही नाही. पण परांजप्यांनी टेबलाचे नियम घालून दिले होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, मिटून टेबलावर ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. फळ कापायला बसलो की ज्याचा चाकू त्याने उघडायचा आणि त्यानेच मिटायचा. उघडा चाकू घेऊन तर एक पाऊलही टाकायचं नाही. एकदा रोहित उघडा चाकू बाकावर ठेवून फोन घ्यायला उठला, तर परांजपे म्हणाले, "घराचं दारही असंच उघडं टाकून येता का आपण?" तेव्हापासून रोहित फोन घरीच ठेवून यायला लागला.

दोन वर्षांपूर्वी परांजप्यांच्या हाताला कंप सुरू झाला. आधी फक्त चहाच्या कपाशी दिसायचा. आम्ही पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. जुन्या चाकूची स्प्रिंग फार ताठ असते. पात्यावरच्या बारीक खाचेत अंगठ्याचं नख अडकवून जोर लावावा लागतो. कापताना हात टेबलाला टेकवता येतो, उघडताना तसं करता येत नाही. रोहितने एके रविवारी त्याचा नवा चाकू पुढे ठेवला. "काका, करून तर पाहा ना. वन हॅण्ड ओपन आहे, नुसतं बटण दाबायचं." परांजप्यांनी त्याला हातही लावला नाही. "हा लायटर आहे," म्हणाले. त्याच सुमारास त्यांच्यात एक बदल झाला. पूर्वी ते सगळ्यांच्या शेवटी, बसच्या नावाने बोटं मोडत यायचे. आता आम्ही पोचायच्या आधीच टेबलाशी बसलेले असायचे, पुढ्यात रुमाल, रुमालावर उघडा चाकू. आणि निघताना, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा ऊन खातो." मला वाटलं, वय झालं, बसायला आवडत असेल.

मग एक दिवस त्यांनी कापलेल्या पेरूच्या फोडीला मोगऱ्याचा वास आला. फळाचा नव्हे, उदबत्तीचा. दुसऱ्या रविवारीही आला. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम लवकर गेले. बागेत दुसरं कुणी नव्हतं. परांजपे माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी पिशवीतून उदबत्तीचं लांब खोकं काढलं, रुमालावर तिरकं केलं आणि आतून चाकू बाहेर आला... उघडाच. तो घरूनच उघडून आणलेला होता. विश्रांतवाडीपासून दोन बस बदलून, गर्दीत, मांडीवर पिशवी धरून, हा माणूस उघडा चाकू घेऊन येत होता. आम्हाला एक पाऊल टाकू न देणारा. मला आधी भीती वाटली, मग इतकं भरून आलं की मी तशीच मागे फिरले आणि शिंदे येईपर्यंत बागेला फेऱ्या मारत राहिले.

बोलावं का? आठवडाभर तोच विचार. पण बोलले असते तर ते यायचे थांबले असते, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. गुडघे दुखतात म्हणाले असते, बस मिळत नाही म्हणाले असते, आणि संपलं. त्यांच्या पत्नी सुनंदाताई एकदा मला म्हणाल्या होत्या, "यांचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि रविवारीच संपतो." तो रविवार मला काढून घ्यायचा नव्हता. तेव्हा मी एवढंच केलं, की सगळ्यांना वेळेवर उठवायला लागले. "चला, ऊन चढलं, परांजप्यांना बसू दे निवांत." शिंदे म्हणायचे, "बाई, तुमाला घरी काय दूध उतू चाललंय का?" चाललंय, मी म्हणायचे.

एकदाच जीव टांगणीला लागला. शिंद्यांनी पितळी मुठीचा एक जुना चाकू मिळवला होता. नवीन काही आलं की आधी परांजप्यांनी बघायचं हा रिवाज. शिंद्यांनी मिटलेला चाकू त्यांच्यापुढे ठेवला. "उघडून बगा, लई ताठ हाय." परांजपे चाकूकडे बघत राहिले. त्यांचे हात टेबलाखाली होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच रोहितने झडप घालून चाकू उचलला आणि फटकन उघडला. "आरं, मोठ्या मानसाला बगू दे की आदी," शिंदे चिडले. रोहित सॉरी म्हणाला आणि उघडा चाकू परांजप्यांच्या रुमालावर ठेवला. परांजप्यांनी पातं निरखलं, धारेला दोन नावं ठेवली आणि गाडी रुळावर आली. मला वाटलं, पोरगं उतावळं म्हणून आज निभावलं.

परांजपे गेल्यावर आम्ही बागेत जमलोच नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी फोनही केला नाही. मग गेल्या रविवारी दुपारी सुनंदाताईंचा फोन आला. "बाई, आज जरा येऊन जाल का? रोहित गावाला गेलाय आणि चाकू उघडा राहिलाय." मला अर्थबोध होईना. पिशवीत घरातले पेरू टाकले आणि गेले. बैठकीतल्या टेबलावर परांजप्यांचा रुमाल अंथरलेला होता आणि त्यावर तो चाकू, उघडा. शेजारी खोकंही होतं.

सुनंदाताईंनी पाणी दिलं आणि न विचारता सांगायला लागल्या. दर रविवारी सकाळी चहा झाला की त्याच चाकू उघडून द्यायच्या. त्यांची नखं अजून पक्की आहेत. खोकं त्यांनीच शोधलं. "उघडा चाकू पिशवीत घालून बसमध्ये चढू देईन होय मी यांना?" सुरुवातीला परत येतानाही तो उघडाच यायचा. एके दिवशी रोहित विसरलेलं हेल्मेट घ्यायला बागेत परत गेला आणि परांजपे मांडीवर चाकू धरून झगडताना त्याला दिसले. त्याने चाकू घेतला, मिटला, खोक्यात ठेवला आणि म्हणाला, काका, मला तिकडेच काम आहे, बसा मागे. त्यानंतर दर रविवारी आम्ही पांगलो की तो चक्कर मारून परत जायचा, चाकू मिटायचा आणि हडपसरऐवजी विश्रांतवाडीला गाडी वळवायचा. दर रविवारी त्याचं तिकडेच काम निघायचं. इतके दिवस मला वाटत होतं की हे गुपित माझ्या एकटीचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता मला.

"हे गेल्यानंतरच्या रविवारी," त्या म्हणाल्या, "चहा झाला आणि हात आपोआप कपाटाकडे गेला. उघडून बसले. मग पुढे काय करायचं तेच कळेना... दुपारी रोहित आला. त्याने बघितलं, मिटला, चहा घेतला, तासभर बसला. तेव्हापासून येतो. आज नाही आला, म्हणून तुम्हाला फोन केला."

मी चाकू उचलला. शिंग गार होतं. मिटायला म्हणून तळहात पात्याच्या पाठीवर ठेवला आणि सहज विचारलं, "तुम्हाला मिटता येत नाही का हो? उघडता तर येतो."

"येतो की," सुनंदाताई म्हणाल्या. "उघडता येतो त्याला मिटायला काय लागतं?" त्या रुमालाची घडी सारखी करत राहिल्या. "पण मी मिटला, तर रविवारी कोण कशाला येईल?"

मी चाकू न मिटताच रुमालावर परत ठेवला. मग उठून स्वयंपाकघरातून ताटली आणली आणि त्याच चाकूने दोघींपुरता पेरू कापला. फोडींना मोगऱ्याचा वास होता. निघताना त्यांनी पुढच्या रविवारचं विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र शिंद्यांना फोन केला की येत्या रविवारपासून फळं विश्रांतवाडीला आणायची. "का वो बाई, बागंला काय झालं?" त्यांनी विचारलं. त्या भल्या माणसाला यातलं खरंच काही माहीत नाही. हे वाचून कळेल.